आधी रडून घे

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. डोळखांबच्या पुढे एका वाडीवर आमच्या बचत गटाची बैठक होती. बैठक म्हणजे काय, तर टँकरची वाट बघत बायकांनी हंडे रांगेत लावले होते आणि झाडाच्या सावलीत त्या जरा टेकल्या होत्या. तिथेच मी वही उघडली. तानसा काय, भातसा काय, मुंबईच्या नळाला पाणी देणारी धरणं आमच्या शहापूर तालुक्यात. आणि एप्रिल लागला की याच तालुक्यातल्या बायका टँकरच्या रस्त्याकडे डोळे लावून बसणार. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तर हप्ते गोळा करता करता माझ्या लक्षात आलं, एक म्हातारी माझ्या तोंडाकडे टक लावून बघते आहे. शेवटी तिने विचारलंच, "ताय, तू कवा पण ये, हसतच येतेस. तुला काय दुःखबिख नाय का?"

मी काही बोलायच्या आत तिच्या शेजारणीने उत्तर देऊन टाकलं. "ती येसूची हाय ना! त्यांच्यात रडत नसतात."

सगळ्या हसल्या. मीही हसले. तेवढ्यात टँकर आला, एकच धावपळ झाली आणि विषय तिथेच राहिला. पण परतताना जीपमध्ये ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. त्यांच्यात रडत नसतात! कोणी शिकवलं हे त्या बाईला? मी तर वाडीवर कधी देवाधर्माचं बोलत नाही. मग लक्षात आलं, शिकवलं ते मीच. माझ्या चेहऱ्याने.

मैत्रिणींनो, श्रद्धा असली की माणूस आनंदी राहतो, सकारात्मक राहतो, असं आपण सगळ्याच म्हणतो. आम्हा ख्रिस्ती लोकांत तर हे जरा जास्तच म्हटलं जातं. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही, माझ्या आयुष्यात ते खरं ठरलेलं आहे. पण ते कोणत्या वाटेने खरं ठरतं आणि कुठल्या वळणावर त्याचं नुसतं सोंग होतं, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. तेच आज सांगावंसं वाटतं.

मी मूळची नगरची. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही.) अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केलं. पुढे तिथे शाळा झाल्या, दवाखाना झाला, चर्चेस झाली. त्यामुळे नगरच्या ख्रिस्ती मुलीला आपण कोणी वेगळ्या आहोत असं फारसं वाटत नाही. नाताळच्या करंज्या, 'उपासना संगीत'मधली गाणी, टाळ-मृदंगावरचं ख्रिस्ती कीर्तन, सगळं दाराशी. लग्न होऊन २००३ साली शहापूरला आले आणि एकदम एकटी पडले. इथे आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी. रविवारच्या उपासनेला आसनगावहून लोकल पकडून कल्याण गाठायचं. यजमान मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरीला, रोज किन्हवली-सरळगाव करत जायचे आणि रात्री थकून यायचे. बी.ए.ची पदवी कपाटात आणि मी ओट्याशी. पण घरात सासूबाई होत्या. बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका, बोलणं अगदी मोजकं.

२००९ साली आम्हाला मुलीच्या पाठीवर मुलगा झाला. तिसऱ्या दिवसापासून दूध ओढेना. रात्री गाडी करून महामार्गाने ठाण्याला नेला. डॉक्टरांनी होईल ते सगळं केलं. अकराव्या दिवशी तो गेला. याहून जास्त मला आजही लिहिता येत नाही.

महिन्याभराने एका प्रार्थना सभेला गेले. बाहेरगावहून एक उपदेशक आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि नंतर सगळ्यांसमोर सांगितलं, की या ताईंचा विश्वास थोडा कमी पडला, पण आता त्यांनी शोक सोडून प्रभूमध्ये आनंद करावा. त्या गृहस्थांच्या मनात काही वाईट नसेल. पण एका बाईला, जिच्या अंगावरचं दूध अजून आटलेलं नव्हतं, तिला त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मूल तुझ्यामुळे गेलं. दोन, आता हस.

मी आज्ञाधारक. केला आनंद. कोणी विचारलं, कशा आहात, की म्हणायचं, प्रभूची कृपा आहे. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून मोठ्याने गायचं. माझी साक्ष ऐकून बायका म्हणायच्या, किती खंबीर आहे! आणि घरी आले की भांडी आपटायची, चार वर्षांच्या मुलीवर ओरडायचं, नवऱ्याशी दोन-दोन दिवस बोलायचं नाही. प्रार्थनेला गुडघे टेकले की शब्दच यायचे नाहीत. जे खरं म्हणायचं होतं त्याला बंदी आणि जे म्हणायला परवानगी होती ते खोटं, मग बोलणार काय देवाशी? अशी दोन वर्षं गेली.

एका संध्याकाळी तांदूळ निवडत बसलो होतो. सासूबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "लाजराच्या कबरीपाशी प्रभू रडला की नाही?"

"रडला."

"का रडला? पाच मिनिटांत त्याला उठवणार होता. ठाऊक होतं ना त्याला?"

मी गप्प.

"ठाऊक असून रडला. तू आधी रडून घे. आनंदाचं मागाहून बघू."

त्या तांदळाचा भात त्या रात्री झाला नाही. सासूबाई तोपर्यंत सूप बाजूला सारून माझ्याशेजारी सरकून बसल्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यानंतर मी एक पुस्तक पुन्हा काढलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. बी.ए.ला मराठी घेतलेल्या आम्हा मुलींनी ते परीक्षेपुरतं वाचलेलं आणि त्यातले विनोद तेवढे लक्षात राहिलेले. त्यात नगरचं भलंमोठं घर-दार येतं, म्हणून जरा जास्त आपुलकी. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याने इतके पछाडलेले, की घरात मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायची. हे वाचून हसलो होतो. या वेळी हसता हसता थांबले. अशा घरातून आलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. तिचा नवरा, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती होतो. त्या काळी याचा अर्थ काय? नवरा जिवंत असून नसल्यासारखा. तान्हेपणी काही मुलं गेलेली, एक मुलगा पदरात. ती पाच वर्षांच्या आसपास नातेवाइकांच्या आधाराने वेगळी राहिली. रडली, आजारी पडली, चिडली. नंतर नगरला टिळकांकडे गेली तरी पहिल्यांदा स्वतःचं खाणंपिणं, स्वतःचं सोवळं वेगळं ठेवून. नवऱ्याने सांगितलं म्हणून तिने धर्म बदलला नाही. स्वतःच्या मनाशी भांडून, जातीपातीचा विटाळ माणसाने केलेला आहे हे स्वतःला पटल्यावर, १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

आणि पुढेही सगळं गोड झालं का? छे! टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, येईल त्याला देऊन टाकायचे. घरात कोणाकोणाची मुलं, गोरगरीब, अनाथ. बालकवी ठोंबरे या घरात मुलासारखे राहिले आणि १९१८ साली रेल्वेखाली गेले. दुसऱ्या वर्षी टिळकही गेले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघाला तो १९३४ साली, तिच्या वयाच्या छासष्टाव्या वर्षी. टिळकांनी सुरुवातीचे अध्याय लिहून ठेवलेलं 'ख्रिस्तायन'ही पुढे तिनेच पूर्ण केलं.

दुसऱ्या वाचनात मला एक गोष्ट दिसली. लक्ष्मीबाई हसते ती लिहिताना. सोसताना नाही. सोसताना ती आपल्यासारखीच रडते, भांडते, नवऱ्याला चार शब्द सुनावते आणि ते लपवत नाही. मधे तीस-पस्तीस वर्षं गेलेली आहेत. आपण मात्र त्या पुस्तकातलं हसू घेतो आणि तीस-पस्तीस वर्षं गाळून टाकतो! महिन्याभरात हस म्हणतो.

पंडिता रमाबाईंचंही तेच. आमच्यात त्यांचं नाव फार आदराने घेतात, घ्यायलाच हवं. केडगावचं मुक्ती मिशन अजून उभं आहे. पण भाषणांतून नेहमी त्यांचं कर्तृत्व सांगितलं जातं, त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. १८५८ चा जन्म. दुष्काळात आई, वडील आणि बहीण भुकेने आणि आजाराने गेली. मग भाऊ गेला. १८८२ साली नवरा पटकीने गेला. म्हणजे चोविशी पुरी व्हायच्या आत घरातली पाच माणसं, आणि कडेवर मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या, तिथे बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा घेतला म्हणून मिशनच्या बायका सांगतील ते मुकाट्याने मानलं असंही नाही. ज्यांच्याकडे राहिल्या त्यांच्याशीच पत्रांतून वाद घातले, प्रश्न विचारले. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. १८९३ मध्ये तिथे मुलींना ख्रिस्ती करतात असा गहजब झाला, सल्लागार मंडळातल्या रानडे, भांडारकरांसारख्या मोठ्या माणसांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. ही बाई तरी थांबली नाही. १८९७ च्या सुमाराच्या दुष्काळात मध्य प्रांतात आणि १९०० साली गुजरातेत माणसं पाठवून उपाशी मुली-बाया गोळा करून केडगावला आणल्या. तिथे विहिरी खोदून घेतल्या, शेती केली, छापखाना घातला. त्या मुलीच छापखान्यात खिळे जुळवायच्या.

शेवटी जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक, आईचं काम पुढे नेणारी. तेव्हा रमाबाई साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करत होत्या. मुलगी गेल्यावर नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला, त्याही गेल्या. मधल्या नऊ महिन्यांत काम चालूच होतं. ते बायबल १९२४ साली छापून बाहेर आलं.

आता याला सकारात्मक दृष्टी म्हणायचं की नाही? मी म्हणते. पण मोबाईलवर रोज सकाळी फुलाच्या चित्राबरोबर येते ती ही नव्हे. त्या नऊ महिन्यांत रमाबाई हसत होत्या की नाही, कोण जाणे. त्या मजकूर तपासत होत्या एवढं खरं.

बायबलमध्येसुद्धा, बघायला गेलं तर, किती रडणं आहे! विलापगीत नावाचं पुस्तकच आहे. दीडशे स्तोत्रांत कितीतरी स्तोत्रं म्हणजे देवाकडे केलेली तक्रार, तू कुठे आहेस, किती दिवस वाट बघू, असली. ईयोबाची मुलं, गुरंढोरं, सगळं गेलं तेव्हा त्याचे तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तोवर सगळं ठीक होतं. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि समजावायला लागले, तुझंच काही चुकलं असेल म्हणून. घोळ तिथून झाला. आणि पौलाने फिलिप्पैकरांना आनंद करा म्हणून पत्र पाठवलं ते बेड्या घालून तुरुंगात असताना. बाहेर मोकळं फिरून दुसऱ्याच्या घरातल्या मयताला आनंद करा म्हणणं वेगळं.

आमच्या शेजारच्या माळकरी आजींना एकदा मी हे सांगत होते. त्या म्हणाल्या, "अगं, आमचा तुका काय कमी भांडलाय इठ्ठलाशी?" खरंच की. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असं टिळक सांगत, ते उगाच नव्हे.

सासूबाईंची प्रार्थना करण्याची एक पद्धत होती. ती मी उचलली. पहाटे चहा टाकायच्या आधी, फार तर दहा मिनिटं. पहिल्यांदा तक्रार, जी असेल ती, न सजवता. मग आभार, पण मोठमोठ्या गोष्टींचे नाही, काल काय मिळालं तेवढ्याचेच. आणि शेवटी, आज मी काय करू? या क्रमात बदल नाही. आभार आधी घेतले की तक्रार मनात कुजत राहते, असं त्यांचं म्हणणं. त्या २०१७ साली गेल्या. त्यांच्या गेल्याची तक्रारही मी याच क्रमाने केली.

या पद्धतीची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. टाळेबंदी उठली, पण यजमानांचा कारखाना काही उघडला नाही. पन्नाशीला आलेला माणूस, सतरा वर्षांची नोकरी. सकाळी डबा घेऊन निघायची सवय, ते नुसते ओट्यावर बसून रस्ता बघायचे. चर्चमधून फोन यायचे, काळजी करू नका, देव दार उघडेल. बरं वाटायचं, नाही असं नाही. पण पहाटेच्या त्या तिसऱ्या प्रश्नाने जास्त काम केलं. आज काय करू? एके दिवशी उत्तर आलं, गटातून कर्ज काढ. दहा हजार काढले, शेकडा दोन टक्क्याने, आणि अंड्यांचा धंदा सुरू केला. यजमान मोटारसायकलवर ट्रे बांधून गावोगाव जायला लागले. पहिल्या आठवड्यात दोन ट्रे फुटले! त्याही दिवशी पहिल्यांदा तक्रारच केली, चांगली खणखणीत. धंदा आजही छोटाच आहे, पण चालू आहे. हे मी चमत्कार म्हणून सांगत नाही. परतफेडीचे हप्ते गटाच्या वहीत लिहिलेले आहेत.

आणखी एक सांगायलाच हवं. माझ्या ओळखीच्या एका बहिणीला बाळंतपणानंतर झोप येईना, रडू थांबेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर नातेवाईक म्हणाले, गोळी घेणं म्हणजे विश्वास नसणं. तिने लपवून गोळ्या घेतल्या, स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यात ठेवून. आज ती बरी आहे. पण तिला गोळी लपवावी लागली याची लाज आपल्याला वाटायला हवी, तिला नव्हे. चष्मा लावून बायबल वाचणाऱ्यांनी तरी औषधाला अविश्वास म्हणू नये.

मी वाडीवर जाते तेव्हा पिशवीत गटाच्या वह्या असतात, जातीच्या दाखल्याचे अर्ज असतात, कधी शाळेचे कागद. मुरबाडच्या बाजूला टोकावड्याकडे कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा बुडते, त्याचं काही करता येतं का ते बघायचं असतं. बायबल मी घरी ठेवते. लोकांना शंका येऊ नये म्हणून, हे एक कारण आहेच. उपाशी माणसाशी दाखल्याचं बोलताना देवाचं बोललं तर त्याला नाही म्हणायची सोय राहत नाही, हे त्याहून मोठं. त्यामुळे माझी श्रद्धा त्या बायकांना दिसते ती फक्त चेहऱ्यावर. आणि चेहरा त्यांना काय सांगत होता? की आमच्यात रडत नसतात.

म्हणून पुढच्या महिन्याच्या बैठकीला मी जरा लवकर गेले. मे महिना, पावसाची नुसती वाट. ती म्हातारी घरासमोर लाकडं रचत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आजी, त्या दिवशी विचारलंस ना, दुःख नाही का म्हणून. आहे. मुलगा होता. अकरा दिवसांचा."

तिने हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"माझी तीन गेली," ती म्हणाली. मग एकेकाचं नाव सांगितलं, कोण कुठल्या पावसाळ्यात गेलं ते सांगितलं. एक भट्टीवर असताना गेलं होतं, तिथेच पुरावं लागलं. ती जागा आता सापडणार नाही, म्हणाली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने बघितलं, मी पुसलं नाही. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. बराच वेळ आम्ही तशाच बसलो. कोंबड्या पायांत फिरत होत्या.

मग तिने पदराची गाठ सोडली, घडी घातलेल्या नोटा काढून माझ्या हातात ठेवल्या आणि विचारलं, "सोमवारी बँकेत जायचंय ना ताय? आंगठा लावाया?"

"जायचंय," मी म्हटलं. "नऊच्या गाडीने."